टेकऑफ-लँडिंगच्या वेळी कानात हेडफोन ठेवावा का? नागपूरहून विमानाने जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू असा प्रवास करणाऱ्यांचं उड्डाण साधारण तास-दोन तासांचं असतं. सीटवर बसलं की कानात इअरबड घालायचे आणि उतरल्यावरच काढायचे, असा अनेकांचा शिरस्ता असतो. मधेच क्रू येऊन हेडफोन काढायला सांगते. शेजारच्याच्या कानात मात्र तसाच हेडफोन दिसतो आणि गोंधळ वाढतो. या पानावर त्या गोंधळाची उत्तरं आहेत.

एका वाक्यात सांगा: टेकऑफला हेडफोन चालतो की नाही?

भारतात हेडफोनवर सरसकट कायदेशीर बंदी नाही. पण सुरक्षा सूचना चालू असताना तो काढायचा असतो आणि क्रूने काढा म्हटलं तर लगेच काढायचा असतो. आमचा सल्ला याच्या एक पाऊल पुढचा आहे: टेकऑफनंतरची पहिली तीन-चार मिनिटं आणि लँडिंगआधीची शेवटची आठ-दहा मिनिटं दोन्ही कान मोकळे ठेवा. मुंबईच्या प्रवासात ही फार तर पंधरा मिनिटं होतात.

नियम नेमका कुठे लिहिला आहे?

विमानात इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरण्याबद्दलची मूळ तरतूद १९३७ च्या विमान नियमांमधल्या २९-ब या नियमात आहे. टेकऑफ आणि लँडिंगला सगळी उपकरणं पूर्ण बंद, अशी पद्धत आपल्याकडे अनेक वर्षं होती. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, म्हणजे एफएएने, ऑक्टोबर २०१३ मध्ये ही अट सैल केली. त्यानंतर एप्रिल २०१४ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही, म्हणजे डीजीसीएनेही, उपकरण फ्लाइट मोडवर असेल तर ते उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत वापरायला परवानगी दिली.

मात्र ही परवानगी कंपनीने कशी राबवायची, हे ती कंपनी आपल्या विमानांची तपासणी करून ठरवते. म्हणून एका कंपनीच्या विमानात टेकऑफला ब्लूटूथ चालतं आणि दुसरीत क्रू ते बंद करायला सांगते. दोन्ही ठिकाणी क्रू बरोबरच असते. शेवटचा शब्द विमानाच्या मुख्य वैमानिकाचा, आणि क्रू त्याच्याच वतीने बोलत असते.

फ्लाइट मोडवर असताना गाण्यांनी विमानाला काय धोका?

विमानाला जवळजवळ काहीच नाही. साध्या वायरच्या हेडफोनमध्ये तर बॅटरीसुद्धा नसते. त्यामुळे 'मी फ्लाइट मोड लावलाय, मग हेडफोन का काढू?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर रेडिओ लहरींमध्ये सापडणार नाही. प्रश्न तुम्हाला ऐकू येण्याचा आहे.

टेकऑफ आणि लँडिंग हे उड्डाणातले सगळ्यात नाजूक टप्पे. विमान जमिनीजवळ असतं, वेग मोठा असतो आणि काही बिघडलं तर विचार करायला वेळ नसतो. साधारण १०,००० फुटांखाली असताना वैमानिकही आपसात कामापलीकडचं बोलत नाहीत. कॉकपिटसाठी तसा नियमच आहे.

नव्या विमानाला प्रमाणपत्र मिळवायचं असेल तर निम्मेच दरवाजे वापरून, अंधारात, सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे दाखवावं लागतं. त्या ९० सेकंदांत कानातले बड काढायचे, 'काय झालं?' म्हणून शेजाऱ्याला विचारायचं आणि मग उठायचं, यात १०-१५ सेकंद सहज जातात. मधल्या सीटवरच्या माणसाने एवढा वेळ घेतला की खिडकीजवळचाही अडकतो.

दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. क्रूची प्रत्येक हाक 'बाहेर पळा' अशी नसते. वैमानिकाने धावपट्टीवर टेकऑफ रद्द करून करकचून ब्रेक लावला, तर पुढची सूचना बहुतेकदा 'जागेवरच बसून राहा' अशी येते. इंजिन चालू असताना कुणी घाबरून दरवाजा उघडला तर जीव जाऊ शकतो. कधी एकाच बाजूच्या दरवाज्यांनी उतरायचं असतं, कारण दुसऱ्या बाजूला आग असते. हे सगळं फक्त आवाजाने सांगितलं जातं. डोळ्यांना दिसणारी त्याची पाटी कुठे लागत नाही.

सीटसमोरच्या पडद्याला जोडलेला हेडफोन लँडिंगपर्यंत चालतो, मग माझ्या फोनचा का नाही?

कारण पडद्याची यंत्रणा विमानाच्या घोषणेशी जोडलेली असते. वैमानिक किंवा क्रू बोलू लागली की चित्रपट आपोआप थांबतो आणि घोषणा तुमच्या कानात येते. तुमच्या फोनवरचं गाणं मात्र थांबत नाही. नागपूरहून सुटणाऱ्या देशांतर्गत विमानांपैकी बऱ्याच विमानांत पडदे नसतातच, त्यामुळे इथे बहुतेकांच्या कानात स्वतःच्या फोनचाच आवाज असतो.

पडदा असला तरी त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सचं ए-३५० विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. घोषणेची यंत्रणा बंद पडली. क्रूने कर्णा आणि स्वतःचा गळा वापरून सूचना दिल्या आणि त्या प्रवासी विमानातले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले. ओरडून दिलेली सूचना कुठल्याही हेडफोनमध्ये आपोआप उमटत नाही.

दरवाजा बंद होण्यापासून विमानातून उतरेपर्यंत नेमकं काय करायचं?

दरवाजे बंद झाल्याची घोषणा झाली की फोन फ्लाइट मोडवर टाका आणि कान मोकळे करा. सुरक्षा प्रात्यक्षिक चार-पाच मिनिटांचं असतं. ते दहाव्यांदा पाहत असलात तरी त्या वेळात एक काम करा: पुढच्या आणि मागच्या दरवाज्यापर्यंत आपल्या सीटपासून किती रांगा आहेत ते मोजून ठेवा. धुरात हाताने चाचपडत जायची वेळ आली तर तो आकडाच उपयोगी पडतो.

नागपूरला वाहतूक तुलनेने कमी आणि धावपट्टी एकच, साधारण ३,२०० मीटर लांबीची. त्यामुळे मुंबई-दिल्लीसारखं अर्धा-अर्धा तास रांगेत थांबावं लागत नाही; प्रात्यक्षिक संपतं न संपतं तोच विमान धावपट्टीच्या टोकाशी असतं. 'दोन गाणी ऐकून मग काढतो' एवढा वेळ इथे मिळत नाही.

टेकऑफनंतर तीन-चार मिनिटांनी हेडफोन घालायला हरकत नाही, पण आवाज कमी ठेवा, कारण सीटबेल्टचा दिवा अजून चालू असतो. दिवा विझल्यावर मग निवांत ऐका. उतरताना विमान खाली येऊ लागल्याची घोषणा साधारण २०-२५ मिनिटं आधी होते. ट्रे बंद करा, सीट सरळ करा, खिडकीची झडप वर करा असं क्रू सांगायला आली की त्याच वेळी हेडफोन काढून जागच्या जागी ठेवा. परत घालायचे ते विमान धावपट्टी सोडून पार्किंगला लागल्यावर. फ्लाइट मोडही क्रूने सांगितल्यावरच काढायचा.

ब्लूटूथ आणि फ्लाइट मोड एकत्र चालतात का?

चालतात. फ्लाइट मोड लावल्यावर बऱ्याच फोनांत ब्लूटूथ बंद होतं, ते हाताने परत सुरू करता येतं. ब्लूटूथची शक्ती अगदी कमी, हेडफोनच्या बाबतीत सहसा काही मिलिवॉट, आणि पल्ला सुमारे १० मीटर. मोबाइलच्या सिमचा प्रकार वेगळा आहे: टॉवर सापडत नाही म्हणून फोन पूर्ण ताकदीने शोधत राहतो. जुन्या जीएसएम फोनांमुळे स्पीकरमध्ये 'टर्र-टर्र' असा आवाज यायचा, तसाच वैमानिकाच्या हेडसेटमध्येही येतो, आणि तो नेमका कंट्रोल टॉवर बोलत असताना नको असतो.

विमानातलं वायफाय मिळत असेल तरी ते टेकऑफच्या वेळी सुरू असेलच असं नाही. २०१८ च्या नियमांत त्यासाठी आपल्या हवाई हद्दीत किमान ३,००० मीटर उंचीची अट होती. म्हणून टेकऑफला ऐकायचं असेल ते आधीच डाउनलोड केलेलं असावं.

फोनमधला एफएम रेडिओ वायरच्या इअरफोनवर लावला तर?

लावू नका. इअरफोनची वायर हीच फोनच्या एफएमची अँटेना असते आणि काही फोनांत फ्लाइट मोड लावूनही एफएम चालू राहतो. जुन्या पद्धतीचा एफएम संच ज्या केंद्राला लावलाय त्याच्यापेक्षा १०.७ मेगाहर्ट्झ वरची लहर स्वतःच्या पोटात तयार करतो. म्हणजे ९८.३ ला लावलात तर १०९.० मेगाहर्ट्झ. विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेवर आणणारी आयएलएस यंत्रणा १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच काम करते. नव्या फोनांत रचना वेगळी असते, पण आपल्या फोनात कोणती आहे हे सीटवर बसून कळत नाही.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोनने घोषणा अजिबात ऐकू येत नाही का?

इथे थोडा गैरसमज आहे. नॉइज कॅन्सलेशन सगळेच आवाज मारत नाही. हेडफोनवरचा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतला स्पीकर त्याच्या बरोबर उलटी लहर सोडतो. इंजिनाची सलग, खालच्या पट्टीतली घरघर यात छान विरते. माणसाचा आवाज मात्र सारखा बदलत असतो, त्याची पट्टीही वरची असते, म्हणून तो बऱ्यापैकी आत येतो. गाणं बंद ठेवून नुसतं नॉइज कॅन्सलेशन लावलं तर काहींना घोषणा उलट जास्त स्पष्ट वाटते.

गाणं सुरू केलं की चित्र पालटतं. कानात घट्ट बसलेला रबर आणि त्यावर संगीत, दोन्ही मिळून क्रूचा आवाज बुडवतात. बाहेरचा आवाज आत सोडणारा 'ट्रान्सपरन्सी' किंवा 'अँबियंट' मोड लावला तर ऐकू येईल, हे खरं. पण क्रूला बाहेरून कोणता मोड लागलाय ते दिसत नाही. १८० प्रवाशांना एकेक करून विचारणं तिला शक्य नसतं, म्हणून ती सगळ्यांनाच काढायला सांगते. त्यावर वाद घालू नका.

नेकबँड गळ्यात राहू दिला तर चालेल ना?

गाणी बंद असली तरी टेकऑफ-लँडिंगला नेकबँड गळ्यात ठेवू नये असंच आमचं मत आहे. लाइफ जॅकेट डोक्यातून घालून मानेभोवती बसवावं लागतं आणि नेकबँड नेमका तिथेच अडकतो. नागपूर-मुंबई प्रवासात समुद्र कुठून आला, असं वाटेल. पण मुंबईला उतरताना वाऱ्याच्या दिशेप्रमाणे विमान समुद्रावरून वळून येऊ शकतं. नेकबँड गुंडाळून शर्टाच्या खिशात टाका.

वायरचा इअरफोन असेल तर फोनमधूनही काढा. सुमारे सव्वा मीटरची वायर सीटबेल्टच्या बकलमध्ये, हाताच्या दांड्यात किंवा शेजाऱ्याच्या पायात गुंतते. घाईत उठताना वायर ओढली गेली की फोन खाली, आणि फोन शोधायला माणूस वाकला की रांग थांबली.

डोक्यावरून घ्यायच्या मोठ्या हेडफोनचं वजन पाव किलोच्या आसपास असतं. जोराच्या ब्रेकमध्ये ते पुढे फेकले जातात. केसमध्ये घालून समोरच्या सीटखालच्या बॅगेत ठेवा. सीटच्या जाळीच्या खिशात कोंबू नका. एरवी हवेत असताना ते डोक्यावर असतील आणि ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले, तर आधी हेडफोन भिरकावून द्या, मग मुखवट्याचं इलॅस्टिक डोक्यामागे घ्या. हेडफोनच्या पट्ट्यावरून ते नीट बसत नाही. ३५,००० फुटांवर केबिनचा दाब गेला तर शुद्धीत राहून काही करता येईल असा वेळ अर्धा ते एक मिनिटच असतो.

इअरबड सीटच्या फटीत पडला. काय करू?

सर्वात आधी: सीट हलवू नका. पाठ मागेपुढे करायची नाही, हाताचा दांडा उचलायचा नाही, सीटचं बटण दाबायचं नाही. बडमध्ये लिथियमची बारीक बॅटरी असते. सीटच्या लोखंडी सांध्यात ती चेपली गेली तर आतले थर एकमेकांना टेकतात, शॉर्ट होतं आणि बॅटरी तापून धूर सोडते. फोन पडला तर हाच धोका कितीतरी जास्त, कारण बॅटरी मोठी.

विमान धावपट्टीवर धावत असेल किंवा उतरत असेल तर बेल्ट सोडून शोधायला वाकू नका. त्या वेळी क्रूही बांधून बसलेली असते. धूर किंवा चटका नसेल तर सीटबेल्टचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग डोक्यावरचं बटण दाबून क्रूला बोलवा. ती तुम्हाला उठवून, सीटची गादी काढून शोधेल.

जळका किंवा गोडसर रासायनिक वास आला, धूर दिसला किंवा जागा गरम लागली, तर मात्र वाट न पाहता मोठ्याने ओरडून सांगा. ती वस्तू हातात घ्यायची नाही, वरून शाल किंवा पांघरूण टाकायचं नाही. त्याने उष्णता आतच कोंडते. क्रू आधी अग्निशामक वापरते आणि मग भरपूर पाणी ओतून बॅटरी गार करते. ज्वाळा विझल्या तरी आत गरम राहिलेली बॅटरी पुन्हा पेटते, म्हणून पाणी लागतंच.

हे फार लांबचं वाटत असेल तर फेब्रुवारी २०१७ मधली घटना माहीत असू द्या. बीजिंगहून मेलबर्नला जाणाऱ्या विमानात झोपलेल्या प्रवासी महिलेच्या बॅटरीवाल्या हेडफोनने स्फोट होऊन पेट घेतला. तिचा चेहरा, मान आणि हात भाजले. क्रूने बादलीभर पाणी ओतून तो विझवला. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने ही घटना छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. फुगलेला, चार्जिंगला जास्त तापणारा किंवा तडा गेलेला हेडफोन म्हणूनच प्रवासाला नेऊ नका, मग तो सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेला असो की महागड्या दुकानातून.

उतरताना कानाला दडे बसतात. इअरबडमुळे होतं का?

मूळ कारण इअरबड नाही, पण घट्ट रबराचा बड त्रास वाढवू शकतो.

हवेत असताना केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम १,००० फुटांवर. म्हणजे उतरताना वीस-पंचवीस मिनिटांत केबिनमधला दाब बराच वाढतो. कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूची हवा घशाकडे जाणाऱ्या अरुंद नळीतून बदलते. वर जाताना जादा हवा सहज बाहेर पडते. खाली येताना हवा आत शिरावी लागते आणि नळी मिटलेली राहते. मग पडदा आत ओढला जातो, दडे बसतात, दुखतं. म्हणून टेकऑफपेक्षा लँडिंगला त्रास जास्त.

आता त्यात घट्ट बसलेला बड. बऱ्याच बडना हवा खेळण्यासाठी बारीक छिद्र असतं, पण कानातल्या मळाने ते बुजतं. मग बड आणि पडदा यांच्यामध्ये हवेचा वेगळाच कप्पा तयार होतो. बाहेरचा दाब बदलत राहतो, कप्प्यातला मागे पडतो, आणि तुम्ही बड झटकन काढलात की पडद्यावर एकदम धक्का बसतो. 'बड काढल्यावरच कान दुखायला लागला' असं म्हणणाऱ्यांचं बहुधा हेच झालेलं असतं.

उपाय सोपे आहेत. असे दडे बसत असतील तर शेवटच्या आठ-दहा मिनिटांची वाट न पाहता, विमान खाली यायला लागल्याची घोषणा झाली की बड हळूच, थोडा फिरवून काढा. तोंडात संत्र्याची गोळी ठेवा. संत्राबर्फी नको, ती दोन घासांत संपते आणि आपल्याला वीस मिनिटं गिळत राहायचं आहे. जांभया द्या, घोट-घोट पाणी प्या. तरी कान मोकळा झाला नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हलकेच हवा नाकाकडे ढकला. जोर लावू नका. नाक चिमटीत धरून आवंढा गिळणं त्याहून सौम्य आहे. उतरताना झोपू नका, कारण झोपेत आपण कमी गिळतो.

सर्दीने नाक चोंदलं असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून नाकात घालायचं औषध घ्या. दोन दिवसांनंतरही कान बंद राहिला, पाणी किंवा रक्त आलं, चक्कर आली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कानात गरम तेल घालू नका.

लहान मुलांना हेडफोन लावून शांत बसवलं तर?

हवेत असताना जरूर, पण टेकऑफ-लँडिंगला नको. तान्ह्या बाळाला विमान खाली येऊ लागलं की अंगावर पाजा किंवा बाटली द्या. ते गिळतं आणि कान मोकळे राहतात. थोड्या मोठ्या मुलांना स्ट्रॉने पाणी द्या. आवाज मोठा करून देऊ नका: जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा सुचवली आहे. इंजिनाच्या आवाजावर मात करायच्या नादात साध्या इअरफोनचा आवाज याच्या वर सहज जातो.

श्रवणयंत्र काढावं लागतं का?

नाही. मुळीच काढू नका. श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांट सर्व टप्प्यांत चालू ठेवता येतात. ते फोनला ब्लूटूथने जोडलेलं असेल तर टेकऑफ-लँडिंगला फक्त फोनवरचं गाणं थांबवा. विमानात शिरतानाच क्रूला सांगितलं की ऐकायला कमी येतं, तर सुरक्षा सूचना ती जवळ येऊन वेगळ्या समजावते. बाहेरून इअरबडसारखी दिसणारी यंत्रं आता बरीच आली आहेत. कुणी काढायला सांगितलं तर 'हे श्रवणयंत्र आहे' एवढं शांतपणे सांगणं पुरेसं असतं.

आपत्कालीन दरवाज्याजवळची सीट मिळाली आहे. काही वेगळं?

हो. तिथे बसणाऱ्याला क्रू समोरासमोर येऊन दरवाजा कसा आणि कधी उघडायचा ते सांगते आणि 'समजलं का?' असं विचारते. त्या वेळी कानात काहीही नको, एका कानातही नको. टेकऑफ-लँडिंगला पायाशी बॅग, मांडीवर हेडफोनची केस, लोंबणारी वायर यातलं काही चालत नाही. सगळं वरच्या कप्प्यात. गाणी ऐकत झोपायचंच असेल तर दुसरी सीट मागून घ्या.

आई-बाबा पहिल्यांदाच एकटे नागपूर-पुणे विमानाने येतायत. त्यांना काय सांगू?

त्यांच्या फोनवर भजनं, कीर्तन, नाट्यसंगीत जे आवडतं ते आधीच डाउनलोड करून द्या. फ्लाइट मोडचं चिन्ह कुठे आहे ते घरीच दोन-तीनदा दाबून दाखवा. वायरचा साधा इअरफोन द्या. बड पडणं, चार्ज संपणं, जोडणी तुटणं ही कटकट नको. पण फोनला गोल जॅक आहे का ते आधी बघा, नसेल तर टाइप-सीचा इअरफोन घ्या.

त्यांना एकच खूण सांगा: सीटबेल्टच्या चिन्हाचा दिवा चालू, तर कान मोकळे. हे आमच्या वरच्या सल्ल्यापेक्षा कडक आहे, पण लक्षात ठेवायला सोपं. घोषणा हिंदी-इंग्रजीतच होण्याची शक्यता जास्त, आणि कानात आवाज नसेल तर हिंदी त्यांना नीट कळते. गेटवरसुद्धा इअरफोन नको. गेट बदलल्याची किंवा शेवटच्या हाकेची घोषणा चुकते, आणि गेट साधारणपणे उड्डाणाच्या २०-२५ मिनिटं आधी बंद होतं.

मे महिन्यात नागपूरला उतरताना विमान फार हलतं. तेव्हा गाणी लावली तर भीती कमी वाटते...

भीती समजण्यासारखी आहे. पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत वर उठतात आणि दुपारच्या विमानाला ते शेवटच्या काही हजार फुटांत हलवतात. गरम हवा विरळ असते, त्यामुळे टेकऑफलाही विमान धावपट्टीवर नेहमीपेक्षा जास्त धावतं. दोन्ही गोष्टी वैमानिकाने हिशेबात धरलेल्या असतात.

अशा वेळी गाणी लावायचीच असतील तर एकाच कानात आणि हळू आवाजात लावा, आणि क्रू शेवटची फेरी मारायला आली की तेही बंद करा. शक्य असेल तर उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्या. तोवर जमीन तापलेली नसते आणि उतरणं बरंच सुखाचं होतं.

क्रूने सांगूनही कुणी हेडफोन काढला नाही तर काय होतं?

बहुतेकदा दुसऱ्यांदा सांगितल्यावर माणूस काढतो आणि विषय संपतो. पण क्रूची कायदेशीर सूचना मुद्दाम न पाळणं हे बेशिस्त वर्तनात मोडू शकतं. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमांत त्याच्या तीन पायऱ्या आहेत: शाब्दिक गैरवर्तनाला ३ महिन्यांपर्यंत, शारीरिक गैरवर्तनाला ६ महिन्यांपर्यंत आणि जीवघेण्या वर्तनाला किमान २ वर्षांची उड्डाणबंदी. हेडफोनपायी सुरू झालेला वाद पहिल्या पायरीवर जायला दोन अपशब्द पुरतात.

हेडफोन न लावता फोनच्या स्पीकरवर ऐकलं तर घोषणा तरी ऐकू येईल!

तुम्हाला येईल, मागच्या-पुढच्या चार रांगांना येणार नाही. स्पीकर कुठल्याच टप्प्यावर नको.

हेडफोन आणि चार्जर चेक-इन बॅगेत टाकले तर चालतं का?

पॉवर बँक चेक-इन बॅगेत अजिबात नाही. ती जवळच्या बॅगेतच हवी. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्यावरची नेता येत नाही. हिशेब सोपा आहे: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १,००० म्हणजे ७४ वॉट-तास. आकडा पुसला गेलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत अडकू शकते. उड्डाणात पॉवर बँकेवर चार्जिंग करायला आता बऱ्याच कंपन्यांनी मनाई केली आहे, म्हणून बड आणि त्यांची केस घरूनच पूर्ण चार्ज करून निघा.

ब्लूटूथ हेडफोन आणि बडही जवळच्याच बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात बॅटरी तापली तर हाताशी पाणी घेऊन धावणारं कुणी नसतं. तपासणीच्या वेळी गळ्यातला नेकबँड आणि डोक्यावरचा हेडफोन काढून ट्रेमध्ये टाका. बडची केस सुटी ठेवण्यापेक्षा बॅगेच्या चेनच्या कप्प्यात ठेवा. ट्रेमध्ये विसरून राहणाऱ्या वस्तूंत ती हमखास असते.